लीड्सहून ताईला

लीड्स, इंग्लंड, 8 जून

ति. सौ. ताई व श्री. भावोजी यांस,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर भावोजी एकदम गप्प झाले, ते माझ्या लक्षात आलं. मी विद्यापीठाच्या विद्यार्थी मदत-कक्षात आहे, एवढं तुम्हाला ठाऊक होतं. पण देहविक्री करणारे विद्यार्थीही आमच्याकडे येतात, त्यांच्याशी कसं बोलायचं याचं आम्हाला प्रशिक्षण असतं, हे ऐकल्यावर मनवाला शिकायला इकडे पाठवावं की नाही असं मनात येणारच. फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

हे एखाद्याच विद्यापीठात घडतंय असं नाही. वेल्समधल्या स्वॉन्झी विद्यापीठाने यावर मोठा अभ्यास केला आणि 2015 मध्ये निष्कर्ष मांडले. सहा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांना विचारलं, त्यातल्या 5 टक्क्यांच्या आसपास जणांनी कधी ना कधी असं काम केलं होतं. वेबकॅमसमोरचं, क्लबात नाचण्याचं कामही त्यात आलं. मुलींपेक्षा मुलांचं प्रमाण जास्त निघालं. घरखर्च आणि कर्ज ही कारणं होतीच, पण काहीजण कुतूहलाने, आपल्या मर्जीनेही यात आले होते. सगळ्यांना बिचारं म्हणून मोकळं होता येत नाही. मात्र जवळजवळ चौथ्या हिश्शाला या कामात सुरक्षित वाटत नव्हतं, आणि आमचा संबंध तिथे येतो.

2021 साली इथल्याच डरहॅम विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेने असंच प्रशिक्षण ठेवलं तेव्हा गदारोळ झाला. तेव्हाच्या उच्च शिक्षण मंत्री मिशेल डोनेलन यांचं म्हणणं, अशाने एका धोकादायक धंद्याला मान्यता मिळते. त्यामागची काळजी मला कळते. पण दार लावून घेतलं म्हणून कुणी धंदा सोडत नाही, फक्त सांगायला येत नाही. भावोजी, तुम्ही सांगलीचे. गोकुळनगरच्या वेश्यावस्तीत ‘संग्राम’ संस्थेचं आणि ‘वॅम्प’ या तिथल्या बायकांच्याच संघटनेचं काम तुमच्या डोळ्यांदेखत उभं राहिलं. तिथे ‘आधी हे सोड, मग बोलू’ असं कुणी म्हटलं नाही. आधी निरोध, दवाखाना, पोलिसांचा जाच यावर बोलणं झालं, आणि त्यात धंदा करणाऱ्या बायकाच पुढे होत्या.

आमच्याकडेही ‘का करतेस?’ हा प्रश्न पहिल्यांदा विचारायचा नाही. ‘आत्ता कशाची भीती वाटते?’ असं विचारायचं. फार वेळा उत्तर येतं, ‘विद्यापीठ मला काढून टाकेल का?’ नर्सिंग, मेडिकल, सोशल वर्कच्या मुलांना ही धास्ती जास्त, कारण त्या पेशाला लायक आहात का याची वेगळी चौकशी होऊ शकते. वास्तविक इंग्लंडमध्ये स्वतः देहविक्री करणं हा गुन्हा नाही. पण दोघींनी एकाच फ्लॅटमधून काम केलं की तो कुंटणखाना ठरू शकतो. म्हणजे सोबत घ्यावी तर कायद्याची भीती, एकटं राहावं तर गिऱ्हाइकाची. मला हा कायदा मुळीच पटत नाही.

गेल्या हिवाळ्यात एक मुलगी आली. कोण, कुठली, ते विचारू नका. फोन टेबलावर पालथा ठेवून बसली होती आणि तो थरथरला की दचकत होती. एकजण पैसे मागत होता, नाहीतर फोटो घरच्यांना पाठवीन म्हणत होता. दोनदा पैसे देऊन झाले होते. आम्ही तिला म्हटलं, आता एक पैही द्यायची नाही आणि एकही मेसेज पुसायचा नाही. ‘स्टॉप एनसीआयआय’ नावाची एक सोय आहे. फोटो आपल्याच फोनवर राहतो, त्याचा फक्त आकड्यांतला ठसा जातो, आणि त्यात सामील असलेल्या कंपन्या तो फोटो आपल्याकडे चढू देत नाहीत. ते तिच्याच हाताने केलं. पुढे देहविक्री करणाऱ्यांना मदत करणाऱ्या लीड्सच्या ‘बेसिस यॉर्कशायर’ या संस्थेशी गाठ घालून दिली, आणि भाड्यासाठी विद्यापीठाच्या अडचण-निधीचा अर्ज भरला. धंदा सोडला की नाही, ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आपल्याकडून आलेल्या मुलांची गोष्ट याहून अवघड. स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं आणि स्वतःचा धंदा कुठलाच करता येत नाही. ऑनलाइन फोटो विकणंसुद्धा त्यात बसत नाही. त्यामुळे कुणी मारहाण केली, फसवलं, तरी व्हिसा जाईल या भीतीने ती तोंड उघडत नाहीत. शिवाय घरी काय वाटेल, ही भीती असतेच.

म्हणून मनवाबद्दल दोन गोष्टी. व्हिसासाठी 9 महिन्यांचा राहण्याचा खर्च 28 दिवस खात्यात दाखवावा लागतो. पुष्कळ घरं ते पैसे उसने आणून दाखवतात आणि 28 दिवस भरले की परत करतात. मुलगी इथे उतरते तेव्हा खातं रिकामं असतं. भावोजी, कृपा करून असं करू नका. पैसे कमी पडत असतील तर एक वर्ष थांबू, नाहीतर मी घालते.

दुसरं, ताई, हे तुझ्यासाठी. पैशाची अडचण आली तर आधी घरी सांगायचं, कुणी रागावणार नाही, हे तिला निघण्यापूर्वी तू तुझ्या तोंडाने सांग. मी सांगून उपयोग नाही, मी मावशी.

बँकेचे कर्जाचे कागद सही करण्याआधी मला पाठवा. चि. मनवाला अनेक आशीर्वाद.

तुमची,
सुमी