राजाच्या खोलीत अडकलेल्या ओंकारला

निशी-कासाई, तोक्यो
रविवार, रात्र

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

तुझा परवाचा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. पहिल्यांदा काळजीने, पुढचे दोनदा हसायला. "काका, तुम्ही दिलेला गेम बिघडलाय. राजा काहीतरी जुन्या इंग्रजीत बोलतो, तीन पेट्या आहेत, एक दार आहे आणि ते उघडतच नाही." मागून वहिनींचा आवाज, "मग अभ्यासाला बस." तेवढ्यात मेसेज संपला.

मेसेजमध्ये उत्तर द्यायचं म्हणजे अंगठा मोडेल, म्हणून पत्र लिहितोय. दादाला प्रिंट काढायला सांग आणि ते टीव्हीशेजारी ठेव.

गेम बिघडलेला नाही. गणपतीत आलो तेव्हा ठेवून गेलेल्या पिशवीतली ती राखाडी कॅसेट म्हणजे 'ड्रॅगन वॉरियर'. हा इकडे १९८६ च्या मे महिन्यात 'ड्रॅगन क्वेस्ट' नावाने आला आणि १९८९ मध्ये नाव बदलून अमेरिकेत गेला. जपानी अक्षरं तुला कोण वाचून दाखवणार, म्हणून मी मुद्दाम अमेरिकन कॅसेट शोधली होती. आताच्या गेममध्ये दारापाशी गेलं की बटण चमकतं, तू ते दाबतोस, दार उघडतं. इथे तसं नाही. पेटीवर उभं राहायचं, मेनू उघडायचा, त्यातलं 'टेक' निवडायचं. एका पेटीत १२० सोन्याची नाणी, एकीत मशाल, एकीत किल्ली. मग दाराला तोंड करून पुन्हा मेनू आणि त्यातलं 'डोअर'. जिन्यावर उभं राहिलास तरी आपोआप खाली जाणार नाहीस, 'स्टेअर्स' म्हणावं लागतं. ती कुलूपबंद खोली म्हणजेच शिकवणी. फक्त शिकवणी चालू आहे हे तुला कुणी सांगत नाही.

आता बाहेर पडलास की गावात जा आणि बाजार कर. १२० नाणी म्हणजे फार नव्हेत. तांब्याची तलवार १८० ला आहे, तिच्याकडे बघून लाळ गाळू नकोस. ६० चा सोटा घे, २० चे कपडे घे. उरलेल्या ४० मधून २४ ची एक जडीबुटी घेतलीस की हाताशी १६ राहतात. धर्मशाळेत रात्रीचे ६ पडतात, म्हणजे दोन मुक्कामांची सोय झाली. हा हिशेब मी तुला आयता देतोय. पहिल्यांदा खेळलो तेव्हा मी १० ची बांबूची काठी घेतली होती आणि पैसे वाचवल्याच्या आनंदात तिसऱ्याच लढाईत मेलो होतो.

मग गावाच्या आसपासच फिर. स्लाइम नावाचा तो निळा, हसरा लाडू मारला की एक गुण मिळतो. दुसरी लेव्हल यायला ७ गुण लागतात. तिसऱ्या लेव्हलला स्वतःची जखम भरून काढायचा मंत्र येतो, तोवर लांब जायचंच नाही. आणि एक गोष्ट डोक्यात पक्की बसव: पूल ओलांडला की राक्षस बदलतात. अलीकडे लाडू, पलीकडे तुझा जीव घेणारे. पूल दिसला की थांब, जडीबुटी मोज, मग पाऊल टाक.

मेलास तरी रडू नकोस. तुला राजासमोर परत उभं करतात, खिशातले निम्मे पैसे जातात, पण कमावलेले गुण आणि लेव्हल जात नाहीत. म्हणून लांबच्या वाटेला निघण्याआधी पैसे खर्चून टाकायचे. आजी बरोबर याच्या उलट सांगेल. तिचं बाकी सगळं ऐक.

सेव्ह राजाकडेच होतं, त्याच्याशी बोलल्यावर. आणि बंद करताना रिसेटचं बटण दाबून धरायचं, मग पॉवर बंद करायची. मी दिलेलं गेमचं यंत्र नव्या बनावटीचं आहे, त्याला कदाचित नुसतं बंद केलेलंही चालेल, पण सवय लाव. कॅसेटच्या पोटात एक नाण्याएवढी बॅटरी असते, तिच्यावर तुझं सेव्ह जिवंत राहतं. मी इकडे आलो त्या वर्षी एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून 'ड्रॅगन क्वेस्ट' चा तिसरा भाग घेतला होता, जपानी. रोज ऑफिसातून येऊन दोन तास, असे तीन आठवडे खेळलो. एका रविवारी चालू केला तर पडदा काळा, अंगावर काटा येईल असे सूर वाजले आणि अक्षरं उमटली, "ओकिनोदोकु देसुगा..." म्हणजे "वाईट वाटतं सांगायला, पण" तुमची वही पुसली गेली. बॅटरी संपत आली होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसात हे सांगितलं तर पन्नाशीतले आमचे एक साहेब खुर्चीतून उठून आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. इथे कुणी कुणाच्या खांद्यावर हात ठेवत नाही. त्यांच्याही लहानपणी तेच सूर वाजले होते. तुझ्या कॅसेटींच्या बॅटऱ्या मी देण्याआधी बदलून घेतल्यात, तेव्हा निर्धास्त राहा.

पहिल्या भागाच्या जपानी कॅसेटमध्ये तर बॅटरीही नव्हती. राजा तुला वीस अक्षरांचा एक मंत्र सांगायचा, तो कागदावर उतरवून घ्यायचा आणि पुढच्या वेळी तसाच्या तसा भरायचा. एक अक्षर चुकलं की सगळं पाण्यात. जपानी 'नु' आणि 'मे' लिहायला जवळजवळ सारखे, जुन्या टीव्हीवर तर ओळखूच येत नाहीत. मी इथल्या आकिहाबारा भागातून आणलेल्या या गेमच्या एका डब्यात, पुस्तिकेच्या घडीत, शाळेच्या वहीचा कपटा सापडला. पेन्सिलीने लिहिलेली वीस अक्षरं, एका ठिकाणी खोडून पुन्हा लिहिलेलं. भरून बघितली, चालली नाहीत. मग ते खोडलेलं अक्षर 'मे' च्या ऐवजी 'नु' करून पाहिलं. उघडलं! कुणाचातरी एकोणिसाव्या लेव्हलचा वीर राजासमोर उभा. त्याचं नावही त्या मंत्रातच असतं. तीन अक्षरी होतं. ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

म्हणून वही. हा माझा सगळ्यात मोठा हट्ट समज. तुझ्या गणिताच्या चौकटीच्या वह्या उरतात ना, त्यातली एक घे. गावात कोण काय बोललं ते लिही, कारण हे लोक एकदा सांगतात आणि कुठेही नोंद ठेवत नाहीत. गुहांचे नकाशे काढ, एक पाऊल एक चौकट. पिशवीत सोनेरी रंगाची 'झेल्डा' आहे. तिचा बाहेरचा मुलूख १६ आडवे आणि ८ उभे, असा १२८ पडद्यांचा आहे. बरोब्बर एका पानात बसतो. कुठल्या पडद्यावर कुठली गुहा ते भरत गेलास की महिनाभरात ते पान तुला सांगलीच्या रस्त्यांपेक्षा पाठ होईल. सुरुवातीलाच समोर गुहेचं तोंड दिसेल, आत जा, म्हातारा तलवार देतो. ती न घेताच पुढे गेलेली माणसं मी पाहिली आहेत. आणि नाव भरताना गंमत म्हणून 'झेल्डा' भरू नकोस. त्या नावाने थेट दुसरी, अवघड फेरी सुरू होते आणि तुला वाटेल पहिलीच एवढी कठीण आहे.

पिशवीतली 'फायनल फँटसी' आताच नको. ती उघडलीसच तर दोन खाचा सांगून ठेवतो. दुकानातून घेतलेली तलवार आपोआप हातात येत नाही, मेनूत जाऊन ती धारण करावी लागते. आणि तुझ्या चौघांनी एकाच राक्षसावर हल्ला ठरवला आणि तो पहिल्याच घावात मेला, तर उरलेले तिघे हवेत तलवारी फिरवतात. नवीन गेम अशा वेळी आपणहून दुसऱ्यावर वळवतात. हा नाही वळवत. तेव्हा घाव वाटून द्यायला शीक.

आता मारधाडीचे. यात डोकं कमी आणि बोटं जास्त असं तुला वाटत असेल. खरं तर उलट आहे, पण आधी टीव्हीचं बघ. नव्या टीव्हीत चित्र सुंदर करायच्या नादात ते जरासं उशिरा दिसतं. तू बटण दाबतोस आणि माणूस क्षणभराने उडी मारतो, तोवर खड्ड्यात. सेटिंगमध्ये 'गेम मोड' असेल तो लाव. चुका निम्म्या होतील, तुझ्या नव्हत्याच त्या.

'मेगा मॅन' मध्ये सहा खलनायक आहेत आणि कुठूनही सुरुवात करता येते. ज्याला हरवशील त्याचं हत्यार तुला मिळतं आणि ते दुसऱ्या कुणावर तरी रामबाण चालतं. पहिल्यांदा बॉम्ब मॅन, साध्या बंदुकीने. त्याचे बॉम्ब गट्स मॅनला, गट्स मॅनची ताकद कट मॅनला, कट मॅनची कात्री एलेक मॅनला, एलेकची वीज आइस मॅनला, बर्फ फायर मॅनला. साखळी पूर्ण. या क्रमाने गेलास तर आणखी एक फायदा: एलेक मॅनच्या वाटेवर दगडांमागे एक वस्तू दडवलीय, मॅग्नेट बीम. दगड उचलायला गट्स मॅनची ताकद लागते आणि ती तोवर तुझ्याकडे आलेली असेल. घेतल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. या गेमला सेव्ह नाही, पासवर्ड नाही, एका बैठकीत संपवायचा. त्यामुळे आधी इन्व्हर्टर चालू आहे का ते वहिनींना विचार.

'कॅसलव्हेनिया' मध्ये मेणबत्त्या फोडल्या की पत्त्यांतल्यासारखे बदाम पडतात. ते जीव नाहीत! सगळे नवशिके तिथेच फसतात. तो दुय्यम हत्याराचा दारूगोळा आहे, वरचा बाण आणि 'बी' बटण एकदम दाबलं की खर्च होतो. जीव हवा असेल तर भिंती फोड, एखादीत भाजलेलं मांस असतं. किल्ल्याच्या भिंतीत ते कुणी ठेवलं हे विचारायचं नाही. आणि तिथली उडी एकदा मारली की हवेत वळवता येत नाही. लागलं की माणूस मागे फेकला जातो, म्हणून खड्ड्याकडे पाठ करून कधी लढायचं नाही.

कॅसेट चालली नाही तर दादा ती काढून फुंकर मारेल. मारू देऊ नकोस. आम्ही दोघांनी १९९५ मध्ये फुंकर मारून मारून शेजारच्यांची कॅसेट गंजवली आहे, तोंडातल्या ओलीने आतल्या धातूच्या पट्ट्या खराब होतात. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आण, कान साफ करायच्या काडीने हलकं पूस, वाळू दे.

दादाला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' ची आठवण काढून दे. त्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये दुपारी सर जेवायला गेले की आम्ही तो लावायचो. ६० मिनिटांत राजकन्या सोडवायची, आमची दहा मिनिटं पहिल्याच मजल्यावर जायची. कड्याच्या टोकापर्यंत जायचं तर शिफ्ट दाबून एकेक पाऊल टाकायचं हे कळायला आम्हाला दोन महिने लागले. तिसऱ्या लेव्हलपासून कंट्रोल आणि जी दाबलं की सेव्ह होतं, हे तर आम्हाला कधी कळलंच नाही. तो राजपुत्र इतका खरा का धावतो माहीत आहे? तो गेम बनवणाऱ्या जॉर्डन मेक्नरने स्वतःच्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून एकेक चित्र काढलं. दादाने माझ्याकडून एवढी कामं करून घेतली, पण असलं काही सुचलं नाही त्याला.

उत्तर नेटवर बघणं म्हणजे चीटिंग का, असं तू मागे विचारलं होतंस. माझं मत सांगतो. त्या काळी इथली पोरंही एकटी खेळत नव्हती. वर्गात विचारायची, मासिकं वाचायची. ड्रॅगन क्वेस्ट लिहिणारा युजी होरी स्वतः मुलांच्या एका साप्ताहिकात गेमबद्दल सदर लिहायचा. तेव्हा अडलास तर आधी वही चाळ, मग एक रात्र जाऊ दे, मग मला विचार. मी झोपलेलो असेन तर नेटवर बघ, पण फक्त अडलेलं तेवढंच. पुढचं पान वाचलंस की मजा गेली.

आणि हो, ड्रॅगन वॉरियरच्या पहिल्या गावातून निघालास की पाण्यापलीकडे एक काळा किल्ला दिसेल. शेवट तिथेच आहे. दिसतो दगड मारण्याइतका जवळ, पोचायला सगळं जग फिरावं लागतं. तिथला मालक तुला एक प्रश्न विचारेल. काय उत्तर द्यायचं ते मी सांगणार नाही. फक्त त्याआधी राजाकडे जाऊन सेव्ह करून ये.

ती. आईस सा. न. दादा-वहिनींना नमस्कार. कितव्या लेव्हलला पोचलास ते कळव. आणि नकाशाच्या पानाचा फोटो पाठव, चुकलेला असला तरी.

तुझा,
काका