डावं-उजवं बघावंच लागतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खूण नसलेल्या, म्हणजे दिवा, पट्टा किंवा पाटी नसलेल्या, चौकांविषयीचा आपला कालचा लेख वाचला. ‘अशा ठिकाणी पहिला हक्क कोणाचाच नसतो, डावं-उजवं न करता सामंजस्याने निघावं’ हे त्यातलं वाक्य मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, एखादा शब्द छपाईत गळला असेल. पण पुढच्याच परिच्छेदात ‘साधारणपणे सरळ जाणाऱ्याला आधी जाऊ द्यावं’ हेही आलं, तेव्हा लेखकाला खरोखरच असं म्हणायचं आहे याची खात्री पटली. म्हणून हे पत्र.

नियम आहे आणि तो सामंजस्यावर सोडलेला नाही. 1989 च्या रस्ते नियमांत तो एका वाक्यात होता. चौकात शिरताना समोरचा रस्ता मुख्य रस्ता म्हणून जाहीर झालेला असेल तर त्या रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाट द्यायची, आणि तसं नसेल तर आपल्या उजव्या हाताकडून येणाऱ्या सगळ्या वाहनांना वाट द्यायची. 2017 मध्ये नवे विनियम आले, तरी उजवीकडच्याला वाट देण्याचं तत्त्व कायम राहिलं. मुख्य रस्ता म्हणजे ‘जाहीर केलेला’, हेही लक्षात घ्या. चार हात रुंद दिसतो, डांबर नवं आहे किंवा आपण रोज तिथून जातो म्हणून कुठलाही रस्ता मुख्य होत नाही.

मला हे पाठ आहे, कारण एकदा त्याची किंमत मोजली आहे.

2014 सालची गोष्ट. संध्याकाळी स्कूटरवरून घरी येत होतो. दोन सारख्याच रुंदीचे रस्ते एकमेकांना छेदतात असा चौक. ना दिवा, ना पट्टा, ना पाटी. वेग कमी केला, उजवीकडे बघितलं, कोणी नव्हतं. पुढे निघालो. चौक निम्म्याहून जास्त ओलांडून झाला होता, तेवढ्यात डावीकडून एक चारचाकी आली आणि तिचा बंपर माझ्या डाव्या बाजूवर आदळला. डावा गुडघा फुटला, डावा इंडिकेटर फुटून नारिंगी काच रस्ताभर पसरली, डावीकडचं पायदान मागे वाकलं. चालक खाली उतरला तो ओरडतच, ‘मी सरळ चाललो होतो!’ अहो, मीही सरळच चाललो होतो. चौकात दोन वाहनांची अशी काटकोनात गाठ पडते तेव्हा बहुतेक वेळा दोघेही सरळच चाललेले असतात. त्याला आपल्या लेखातला ‘सरळ जाणाऱ्याला आधी’ हा सल्ला लावून दाखवा. कोणाला आधी सोडायचं?

मी त्याच्या उजवीकडून येत होतो, वाट त्याने द्यायची होती. पण खरा मनस्ताप पुढे झाला. विम्याच्या दाव्यासाठी पाहणी करायला एक गृहस्थ आले. वागायला सभ्य होते, तो दोष मी देणार नाही. त्यांनी एका छापील फॉर्मवर पेनाने अधिकच्या चिन्हासारखा चौक काढला आणि त्यात दोन बाण मारले. चारचाकीचा बाण डावीकडून उजवीकडे, माझ्या स्कूटरचा वरून खाली. मी म्हटलं, माझा बाण उलटा आहे, तो खालून वर पाहिजे. ते म्हणाले, ‘काय फरक पडतो? दोघंही चौकातच होतात ना.’

सगळा फरक तिथेच पडतो, संपादक महाराज. त्यांच्या बाणाप्रमाणे ती गाडी माझ्या उजवीकडून येते आणि चूक माझी ठरते. खरं काय झालं त्याप्रमाणे मी तिच्या उजवीकडून येतो आणि चूक तिची ठरते. एका बाणाचं टोक फिरवलं की दोषी बदलतो. मी त्यांना स्कूटरजवळ नेलं. मार डाव्या अंगाला होता. चित्र खरं असतं तर तो उजव्या अंगाला असता, दुसरी शक्यताच नाही. वाकलेलं पायदान हाताने हलवून दाखवलं. त्यांनी पाहिलं, मान डोलावली आणि चित्राखाली लिहिलं, ‘दोन्ही चालकांचा समान निष्काळजीपणा.’ चित्र तसंच ठेवलं. त्या फॉर्मची प्रत माझ्याकडे अजून आहे.

पैशाचं दुःख केव्हाच संपलं. नियमाप्रमाणे वागलेल्या माणसाला आणि नियम मोडलेल्या माणसाला एकाच ओळीत बसवलं, ते अजून बोचतं. आणि आता तीच ओळ मी वर्तमानपत्रात वाचतो आहे, समजूतदारपणाच्या नावाने. चौकात दोन माणसं एकाच क्षणी पोचतात तेव्हा सामंजस्याला वेळ कुठे असतो? ताशी 30 किलोमीटर म्हणजे सेकंदाला आठ मीटरहून थोडं जास्त. भिंतीमुळे दहा मीटरवर येईपर्यंत समोरचा दिसलाच नाही, तर हातात सव्वा सेकंदही नसतो. त्यातला जवळजवळ एक सेकंद ब्रेकपर्यंत हात किंवा पाय पोचण्यातच जातो. एवढ्या वेळात ‘तुम्ही आधी, नाही तुम्ही आधी’ होत नाही. म्हणून तर आधीपासून ठरलेलं काहीतरी लागतं, दोघांनाही सारखं ठाऊक असलेलं.

उजवीकडचाच का, असं एका तरुण नातेवाइकाने मला विचारलं होतं. आपण डावीकडून चालतो. त्यामुळे आपल्या उजवीकडून येणारं वाहन चौकाच्या अलीकडच्या अर्ध्यातून आडवं जातं. आपण पुढचं चाक आत घातलं की तेच पहिलं समोर असतं. डावीकडून येणारं पलीकडच्या अर्ध्यातून जातं, तिथे पोचायला आपल्याला अजून थोडी जागा आणि थोडा वेळ असतो. शिवाय चारचाकीत चालक उजव्या बाजूला बसतो, त्याची उजवीकडची नजर मोकळी असते. कागदावर चार रेघा मारून पाहा, दोन मिनिटांत पटेल. फक्त बाण नीट काढा.

लेखकाने ‘कोणाचाच हक्क नाही’ हे कुठून घेतलं असावं याचा मला अंदाज आहे. ब्रिटनमध्ये तसं आहे. तिथल्या वाहनचालकांच्या नियमपुस्तिकेत खूण नसलेल्या चौकात कोणालाच प्राधान्य नाही असं सांगितलेलं आहे. आपणही डावीकडून चालतो, म्हणून तिथलं इकडे चालेल असं वाटलं असेल. पण रस्त्यावरच्या वाहतुकीविषयीच्या 1968 च्या आंतरराष्ट्रीय व्हिएन्ना करारात उजवीकडून चालणाऱ्या देशांना ‘उजवीकडच्याला वाट द्या’ असं बांधलेलं आहे आणि डावीकडून चालणाऱ्या देशांना आपापलं ठरवायची मोकळीक दिलेली आहे. ब्रिटनने एक ठरवलं, आपण दुसरं. ऑस्ट्रेलियाही डावीकडूनच चालतो आणि तिथेही उजवीकडच्यालाच वाट द्यावी लागते. फक्त रस्ता जिथे दुसऱ्या रस्त्याला भिडून संपतो, तिथे संपणाऱ्या रस्त्यावरच्याने थांबायचं. न्यूझीलंडने अशा तिठ्यांचा आपला नियम 25 मार्च 2012 या एका दिवशी बदलला, रविवार बघून, आणि देशभर जाहिराती करून लोकांना आधी सांगून. नियम बदलता येतो, नाही असं नाही. पण तो रीतसर बदलावा लागतो. लेखातल्या एका वाक्याने बदलत नाही.

मोठ्या गाडीला आधी सोडावं, असंही आपल्या लेखात ‘व्यवहार म्हणून’ आलं आहे. याचा मला जास्त राग आला. नेदरलँड्समध्ये पूर्वी सायकलस्वार उजवीकडून आला तरी मोटारीने त्याला वाट द्यायचं बंधन नव्हतं. 1 मे 2001 पासून ते बंधन आलं. जिथे सायकली एवढ्या प्रचंड संख्येने चालतात तिथेही ही गोष्ट कायद्यात लिहून घ्यावी लागली, कारण मोठं वाहन आपणहून थांबत नाही. आपल्या 1989 च्या नियमात ‘सगळ्या वाहनांना’ असे शब्द होते, लहान-मोठं हा भेद त्यात नव्हता. स्कूटरवाला मोठ्या गाडीसाठी थांबतो तो जीव वाचवायला. त्याला व्यवहार म्हणून छापलं की उद्या गाडीवाला तेच कात्रण दाखवेल.

आणखी एक. लेखाच्या शीर्षकातच ‘हक्क’ हा शब्द आहे. 1989 च्या नियमाचं वाक्य वाचून बघा, त्यात कोणाला काही मिळत नव्हतं, कोणाला काही द्यायचं होतं. वाट देणं हे डावीकडून येणाऱ्याचं काम आहे. मी उजवीकडून येतो म्हणून डोळे मिटून चौकात घुसावं असा अर्थ कोणी काढू नये. चौकाजवळ वेग कमी करायचा आणि धोका नाही याची खात्री होईपर्यंत आत शिरायचं नाही, हे दोघांनाही सारखंच लागू होतं, आणि तेही त्याच 1989 च्या नियमांत याच्या आदल्याच कलमात होतं. मीही त्या दिवशी डावीकडेही एकदा बघायला हवं होतं, हे मी मान्य करतो. पण वाट देण्याची जबाबदारी त्याची होती, ती माझ्यावर निम्मी ढकलता येणार नाही.

डावीकडे बघूनही मला फारसं दिसलं नसतं, कारण कोपऱ्यावर एक मालवाहू टेम्पो उभा होता, अगदी वळणाला चिकटून. यावर आपण कधीच काही छापत नाही. चौकाजवळ वाहन उभं करायला मनाई आहे, तरी कोपरा ही लोकांना हक्काची जागा वाटते, कारण तिथे कोणाचं फाटक नसतं आणि कोणी हटकत नाही. ब्रिटनची उदाहरणं द्यायचीच असतील तर हे द्या, तिथे चौकापासून दहा मीटरच्या आत गाडी उभी करू नका असं सांगितलेलं आहे. डावं-उजवं बघायला सांगायचं आणि दोन्ही बाजू झाकून ठेवायच्या, हे कसं चालेल? त्या टेम्पोचा उल्लेख पाहणीच्या फॉर्ममध्ये कुठेच नव्हता. चित्रात तर नाहीच.

लेखासोबत जे छायाचित्र आहे त्यात वाहतुकीचे दिवे आणि थांबण्याचा पांढरा पट्टा स्पष्ट दिसतो. खूण नसलेल्या चौकाच्या लेखाला खुणा असलेल्या चौकाचा फोटो लावला आहे. घाईत झालं असेल, पण विषय नेमका तोच होता.

आपलं वर्तमानपत्र मी वर्षानुवर्षं वाचतो आणि वाचकाने चूक दाखवली की आपण दुरुस्ती छापता असा माझा अनुभव आहे. म्हणून विनंती करतो. नियमाचं ते एक वाक्य, लेख आला त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरात छापा. सोबत मी एका कागदावर चौकाची आकृती काढून पाठवत आहे. दोन बाण आहेत, प्रत्येक वाहनाची डावी आणि उजवी बाजू शब्दांत लिहिली आहे, आणि वाट कोणी द्यायची त्या बाणाखाली रेघ ओढली आहे. जागा कमी पडली तर माझं हे पत्र कापा, पण आकृती छापा. आणि छापताना ती फिरवू नका.

आपला,
एक जुना वाचक