आहे त्या झूम लेन्सने आकाश टिपायला शिकवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

तुमचे आभार मानायचे कधीचे राहिले होते. ते चारचौघांत मानते आहे, कारण तुम्ही मला जे शिकवलंत ते कॅमेरा आणि एखादी झूम लेन्स जवळ असलेल्या कुणालाही उपयोगी पडेल.

आकाशाचे फोटो काढायचे तर प्राइम लेन्सच (एकाच फोकल लेंग्थची, झूम न होणारी) हवी, असं ज्याला विचारावं तो सांगत होता. त्यात तथ्य आहे, आणि तुम्हीही ते नाकारलं नाहीत. झूममध्ये भिंगं जास्त, सरकणारे भाग जास्त, आणि तारा म्हणजे नुसता ठिपका, त्यामुळे लेन्समधली बारीकशी उणीवही त्यावर उघडी पडते. पण नवीन काय घ्यावं हे सांगण्याऐवजी तुम्ही विचारलंत, "आत्ता तुझ्याकडे काय आहे?" मी २४-७० मिमीची झूम म्हटल्यावर म्हणालात, "मग आधी तिची नीट ओळख करून घे." त्या एका वाक्याने मी खरेदीच्या याद्या बाजूला ठेवून लेन्सकडे बघायला लागले.

ओळख कशी करून घ्यायची तेही तुम्हीच दाखवलंत. ताऱ्यांनी भरलेला एकच तुकडा निवडायचा आणि २४, ३५, ५०, ७० या प्रत्येक फोकल लेंग्थला (झूमच्या आकड्याला) ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, पूर्ण उघडं ठेवून, मग एक स्टॉप (प्रकाश निम्मा होईल इतकं), मग दोन स्टॉप बंद करून फोटो घ्यायचे. एक्स्पोजर अगदी थोडं ठेवायचं, नाहीतर तारे सरकल्याच्या रेघा आणि लेन्सचा दोष यांची गल्लत होते. मग मधला भाग सोडून चारही कोपरे शंभर टक्के मोठे करून बघायचे. माझ्या लेन्सवर २४ ला पूर्ण उघड्या ॲपर्चरला कोपऱ्यातले तारे पंख पसरलेल्या पक्ष्यांसारखे दिसत होते. एक स्टॉप बंद केल्यावर पंख आखडले, दोन स्टॉपला तारे जवळजवळ गोल झाले. ३५ ते ५० च्या दरम्यान मात्र एका स्टॉपमध्येच काम भागत होतं. ही माहिती कुठल्याही जाहिरातीत किंवा परीक्षणात मिळत नाही. त्याच मॉडेलची दुसरी लेन्स थोडी वेगळी वागू शकते. मी तो तक्ता अजून कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवते.

काका, "आधी चौकट, मग फोकस, मग टेप" हा तुमचा क्रम आता माझ्या हातात बसला आहे. बहुतेक फोटोच्या झूम लेन्समध्ये फोकल लेंग्थ बदलली की फोकसही हलतो, म्हणून ७० ला फोकस करून ४० ला आणणं उपयोगाचं नाही. आणि लेन्स वर आकाशाकडे रोखली की तिच्या पुढच्या भागाचं वजन झूमची नळी हळूहळू खाली ओढतं. एकेकट्या फोटोत ते कळत नाही, पण तासाभराच्या फ्रेम्स स्टॅक करायला, म्हणजे एकावर एक रचून एकच फोटो करायला, घेतल्या की कडांचे तारे एकमेकांवर बसत नाहीत. कागदी टेपची एक पट्टी झूमच्या रिंगवर, एक फोकसच्या रिंगवर. फ्लॅट फ्रेम्सही (कोपऱ्यांचा काळोख दुरुस्त करायला सारख्या उजेडावर घेतलेले फोटो) त्या टेप काढण्याआधी घ्यायच्या, कारण कोपऱ्यांचा काळोख झूमबरोबर बदलतो.

फोकसच्या बाबतीत तुम्ही किती संयम ठेवलात! लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नकोस, रिंग तिच्या पुढेही फिरते, असं बजावलंत. लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून ठळक तारा चौकटीच्या मधोमध न घेता केंद्रापासून साधारण तिसऱ्या हिश्शावर घ्यायला लावलात, म्हणजे मध्य आणि कडा यांत तडजोड साधते. रिंग केसभर फिरवली की ताऱ्याची कड एकीकडे लालसर होते, दुसरीकडे हिरवट-निळसर, आणि त्यामध्ये एका जागी तो रंग निवळतो. तिथेच शेजारचे अंधुक तारे एकदम दिसायला लागतात. रात्र थंडावत गेली की तीही जागा सरकते, म्हणून मध्यरात्री पुन्हा तपासायचं.

एक्स्पोजरसाठी मी ५०० भागिले फोकल लेंग्थ इतके सेकंद शटर उघडं ठेवायचं, हा नियम धरून होते. तुम्ही तो खोडला नाहीत, फक्त गणित करायला लावलंत. पृथ्वीच्या फिरण्याने खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदाला १५ आर्कसेकंद (एका अंशाचे ३६०० भाग केले तर त्यातला एक म्हणजे आर्कसेकंद) सरकतो. चार मायक्रॉनचा पिक्सेल आणि ५० मिमी लेन्स असेल, तर एका पिक्सेलमध्ये साधारण १६.५ आर्कसेकंद मावतात. म्हणजे सेकंदाला जवळजवळ एक पिक्सेल! नियमाच्या दहा सेकंदांत नऊ पिक्सेलची रेघ ओढली जाते. लहान प्रिंटमध्ये ती खपून जाते, मोठ्यात नाही. ध्रुवताऱ्याजवळ हीच लेन्स कितीतरी जास्त वेळ उघडी ठेवता येते. ट्रॅकर (ताऱ्यांमागोमाग कॅमेरा फिरवणारं यंत्र) कधी घ्यावा, हा प्रश्न त्या आकडेमोडीने माझ्यापुरता सोडवला.

झूमची खरी गंमतही तुमच्यामुळेच कळली. फुल फ्रेमवर (३६ मिमी रुंदीच्या सेन्सरवर) २४ ला सुमारे ७४ अंश रुंदीचं आकाश येतं, ५० ला ४० अंशांच्या आत, ७० ला २९. एकाच जागेवरून आकाशगंगेचा पट्टा, मग अख्खं मृग, मग रोहिणी आणि कृत्तिका एका चौकटीत. शिवाय ॲपर्चरचा आकडा एफ/४ तोच असला तरी २४ ला प्रकाश शिरण्याचं छिद्र ६ मिमीचं असतं आणि ७० ला साडेसतरा मिमीचं, म्हणून ७० ला कितीतरी जास्त अंधुक तारे उमटतात. मृगाभोवतीचं बार्नार्डचं वलय (हायड्रोजन वायूचं मोठं कडं) फिकं आलं तेव्हा तुम्ही लेन्सची बाजू घेतलीत: हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा कॅमेऱ्यातली गाळणीच अडवते. त्याच ओघात १८८९ साली अमेरिकेतल्या लिक वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ बार्नार्ड यांनी आकाशगंगेचे फोटो माणसांच्या पोर्ट्रेटसाठी बनवलेल्या लेन्सने काढले होते, हेही सांगितलंत. मला त्या दिवशी फार उभारी आली.

हे सगळं तुम्ही कुठलीही घाई न करता, माझ्या कच्च्या फाइल्स एकेक उघडून शिकवलंत. काय खरेदी करू नये, हेही तितक्याच आपुलकीने सांगितलंत. मनापासून आभार.

आता एक काम सांगते. उसनी मिळालेली ७०-२०० तपासली आहे. १३५ ला ज्येष्ठेच्या परिसराच्या फ्रेम्स घेतल्या, ॲपर्चर एक स्टॉप बंद होतं. ॲपर्चरच्या पात्यांमुळे ताऱ्यांना येणारे काटे टाळायला पुढे स्टेप-डाउन रिंग (लेन्सचं तोंड लहान करणारी कडी) लावूनही एक संच घेतला. डाव्या वरच्या कोपऱ्यातले तारे उजव्यापेक्षा लांबट आहेत. कॅमेरा उलटा करून घेतलेल्या फ्रेम्समध्येही ते चौकटीच्या त्याच कोपऱ्यात दिसतात, म्हणून आतलं एखादं भिंग किंचित कललं असावं असा माझा अंदाज आहे. दोन्ही संच पाठवले आहेत. सवडीने बघा आणि तुम्हाला काय वाटतं ते कळवा.

तुमची कृतज्ञ विद्यार्थिनी