बूट आणतो, माप कळव

नाशिक,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय दिगंबर,
सप्रेम नमस्कार.

वहिनींनी फोनवर सांगितले की कर्करोगावरची शेवटची किमो होऊन दीड महिना उलटला तरी तू दिवसाचा बहुतेक वेळ पलंगावरच असतोस आणि भेटायला येणारा प्रत्येक जण "आता फक्त आराम कर" असे बजावून जातो. तीन वर्षांपूर्वी माझ्याही घरी हेच चालले होते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, पाठोपाठ ऑक्झॅलिप्लॅटिन या किमोच्या औषधाची सलाइने, आणि मी स्वतःला काचेच्या भांड्यासारखा जपत होतो. झाले उलटेच, जितका पडून राहिलो तितका थकवा वाढत गेला, कारण हा थकवा नुसत्या झोपेने जात नाही, आणि पडून राहिल्याने स्नायू झिजले की अर्धी बादली उचलतानाही धाप लागते.

माझ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिल्या दिवशी स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत चार फेऱ्या मारायला लावल्या. त्या औषधाने पायाचे तळवे इतके बधिर झाले होते की डावी चप्पल वाटेत निसटलेली मला कळलीच नाही. वळून पाहिले तर ती फ्रिजसमोर पडलेली. त्याच संध्याकाळी मुलाने टाच बंद असलेले बूट आणले. तुझ्याही तळव्यांना मुंग्या येत असतील तर आधी बूट, मग रंकाळा तलावावर फिरण्याची ऐट.

तू हिशेबी माणूस, म्हणून आकडेही देतो. यंदा जूनमध्ये एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बहुतांशी कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले, आपल्यासारखेच शस्त्रक्रिया व किमो उरकलेले ८८९ रुग्ण तीत होते. निम्म्यांना आरोग्याची माहितीपुस्तिका दिली, निम्म्यांना तीन वर्षे मार्गदर्शकासह व्यायाम. आठ वर्षांनी व्यायाम करणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के हयात होते, तर दुसऱ्या गटातले सुमारे ८३ टक्के. आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास झपाझप चालले तरी तेवढा व्यायाम पुरतो. अर्थात, स्नायू-सांध्यांची दुखणी व्यायाम करणाऱ्यांत अधिक आढळली, आणि हे सारे उपचारांच्या जोडीला आहे, त्यांच्याऐवजी नव्हे.

तू मात्र दहा मिनिटांपासूनच सुरुवात कर, तीही डॉक्टरांना विचारून. चालताना बोलता येईल पण गाता येणार नाही, एवढाच वेग पुरे. ताप असेल, चक्कर येत असेल किंवा हिमोग्लोबिन फारच उतरले असेल, तर त्या दिवशी सुट्टी. पोटावरची जखम पक्की भरून सर्जन हो म्हणेपर्यंत वजने उचलू नकोस, नाहीतर तिथे हर्निया व्हायचा.

दिवाळीनंतर मी कोल्हापूरला येतो आहे. रंकाळ्याकाठच्या शालिनी पॅलेसपासून निघू, आणि दमशील तिथल्या बाकावर बसू. तांबड्या रश्श्याचा विषय वहिनींसमोर काढू नकोस. पायाचे माप संध्याकाळी घे, तेव्हा पाय जरा सुजलेले असतात.

तुझा,
विनायक