‘मोफत’ होस्टिंग: आधी मोजमाप पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्टॅटिक वेबसाइटसाठी (जिची पाने म्हणजे आधीच तयार फाइली) मोफत होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची इंटरनेटवरची जागा, निवडताना बहुतेक जण जीबीच्या आकड्याला भुलतात. मर्यादा रोजची की महिन्याची आणि ती संपल्यावर साइटचे काय होते, हे मात्र कोणी पाहत नाही.

फायरबेस होस्टिंगची मोफत योजना 10 जीबी साठवण देते. ऐकायला ऐसपैस, पण डेटा बाहेर जाऊ शकतो दिवसाला फक्त 360 एमबी. पान 3 एमबीचे असेल तर ते 120 वेळा उघडले की कोटा खलास, आणि लिंक एखाद्या मोठ्या ग्रुपवर पडली तर दुपारपर्यंतच. गिटहब पेजेसवर महिन्याला 100 जीबी, म्हणजे तेच पान सुमारे 33 हजार वेळा. शिवाय ही मर्यादा लवचीक आहे, काटेकोर नाही. क्लाउडफ्लेअर पेजेस स्टॅटिक फाइलींची बँडविड्थ (बाहेर जाणारा डेटा) मोजतच नाही, पण 25 एमबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही. स्कॅन केलेल्या जाडजूड पीडीएफ नेमक्या तिथे अडकतात. नेटलिफायच्या नव्या मोफत योजनेत डिप्लॉय (साइटची नवी आवृत्ती चढवणे) आणि बँडविड्थ दोन्ही महिन्याच्या 300 क्रेडिटांतून कापले जातात; स्वल्पविराम बदलून दर वेळी डिप्लॉय करणाऱ्याला ती महागात पडते. व्हर्सेलची हॉबी योजना चांगली आहे, पण धंद्याच्या साइटला चालत नाही.

पानाचे वजन अंदाजाने सांगू नये. ब्राउझरमध्ये एफ12 दाबून ‘नेटवर्क’ टॅब उघडावा, ‘डिसेबल कॅश’वर खूण करून पान रिलोड करावे, खाली एकूण किती डेटा आला ते दिसते. बहुतेक वेळा दोषी असतो मोबाइलवरून थेट चढवलेला फोटो. त्याची रुंदी 1600 पिक्सेल करून तो वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात साठवला, की अनेक एमबींचे काहीशे केबी होतात. योजना बदलण्याआधी एवढे तरी करावे.

गिटहबवर दोन गोष्टी हमखास चुकतात. साइट रिपॉझिटरीच्या (प्रकल्पाच्या फाइलींच्या साठ्याच्या) नावाच्या उपपत्त्यावर असली, तर तिरप्या रेघेने (/) सुरू होणारे पाथ, म्हणजे फाइलींचे पत्ते, साइटच्या मूळ पत्त्यावर जातात आणि सीएसएस, म्हणजे पानाची सजावट, गायब होते. दुसरे म्हणजे अंडरस्कोरने (_) सुरू होणारे फोल्डर जेकिल हे गिटहबचे पाने तयार करणारे साधन वगळते. ते टाळण्यासाठी सर्वांत वरच्या फोल्डरमध्ये ‘.नोजेकिल’ ही रिकामी फाइल ठेवावी लागते (नाव अर्थातच रोमन लिपीत). मोफत खात्यात रिपॉझिटरी सार्वजनिकच असावी लागते, त्यामुळे चुकून टाकलेला पासवर्ड फाइल पुसली तरी बदलांच्या इतिहासात वाचता येतो. तो बदलूनच टाकावा. विंडोजवर दिसणारा फोटो साइटवर 404 (फाइल सापडली नाही) देत असेल, तर नावातली लहान-मोठी अक्षरे आधी तपासावीत.

डोमेन (साइटचे नाव) होस्टिंगपासून वेगळे ठेवले तर सेवा बदलणे सोपे जाते. आदल्या दिवशी डीएनएस नोंदीचा (नाव कोणत्या सर्व्हरवर जाते ते सांगणारी नोंद) टीटीएल, म्हणजे ती नोंद इतरत्र साठवून ठेवण्याची मुदत, 300 सेकंदांवर आणावा, नोंद बदलावी, आणि जुनी साइट दोन-तीन दिवस तशीच चालू ठेवावी.

आपला,
एक वाचक