कथेतलं यंत्र जरा बिघडू द्या की!

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत हल्ली विज्ञानकथा येतात, आम्ही आवडीने वाचतो. पण 2080 सालचं जळगाव म्हटलं की उडत्या गाड्या, काचेचे टॉवर आणि बोललेलं ऐकणारा रोबो, बस. त्याला लाईट कुठून येते, बिघडला तर कोण बघतो, काही पत्ताच नाही, मग ते पटत नाही ना भो.

मागे एका कथेत मे महिन्यात ऊन कडक म्हणून सोलरची वीज उतू चालली होती. अहो, पॅनलला उजेड लागतो, ताप नाही! त्याचं रेटिंग 25 डिग्रीला काढलेलं असतं, त्याच्या वर दर डिग्रीला साधारण 0.3 ते 0.4 टक्के पॉवर कमी होते. भुसावळला पारा 45 ला गेला की छतावरचं पॅनल 65-70 पर्यंत सहज तापतं, म्हणजे 15 टक्क्यांच्या आसपास तिथंच गेले, वर धूळ बसते ती वेगळीच, आणि ती धुवायला मे महिन्यात पाणी कुठून आणणार? खरी कथा इथं होती, लेखक ती सोडून मंगळावर निघून गेला.

मोबाईल काढणाऱ्याच्या डोक्यात केळीला पाणी देणं होतं का? पण आपल्याकडे शेतीची थ्री फेज लाईट रात्री-बेरात्री येते म्हणून कोणीतरी मोटरच्या स्टार्टरला सिमकार्ड बसवलं आणि आता शेतकरी खाटेवर पडल्या पडल्या फोन लावून मोटर चालू करतो. डीपी (म्हणजे ट्रान्सफॉर्मर) जळाली की मात्र सगळा स्मार्टपणा संपला. असलं काही कथेत का नसतं?

देशातलं पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 ला आपल्याच नंदुरबारच्या टेंभलीत दिलं गेलं. बोटाच्या ठशावर ओळख, ऐकायला भारीच. पण निंदणी-खुरपणीत ज्या बाईच्या बोटांच्या रेषा झिजल्या तिचा ठसा रेशनच्या मशीनला लागत नाही, मग ती पदराला बोट पुसते, परत दाबते, दुकानदार म्हणतो दुसरं बोट लावा, मागची लाईन कुरकुरते. एवढा एक प्रसंग टाकला की मशीन खरं वाटायला लागतं.

सायन्स मात्र पक्कं पाहिजे. विज्ञानकथा लिहिणाऱ्या आर्थर क्लार्कने 1945 मध्येच लिहून ठेवलं होतं की सुमारे 36 हजार किलोमीटरवर उपग्रह पृथ्वीबरोबर फिरत राहील आणि तिथून प्रसारण करता येईल. त्यात माणसं राहतील, त्यांचा शिधा रॉकेटने जाईल असंही होतं, ते काही झालं नाही (ट्रान्झिस्टरच मुळी 1947 चा, त्याआधी यंत्रातले व्हॉल्व्ह जळले की बदलायला माणूसच लागायचा), पण कक्षेचा हिशोब बरोबर होता म्हणून ती कल्पना टिकली.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी कथा मागवाल तेव्हा यंत्राची रिपेरी कोण करतो आणि बिल कोण भरतो हे आलंच पाहिजे अशी अट टाका. आणि छापायच्या आधी एखाद्या वायरमनला वाचायला द्या, चहावर काम करून देईल.

– एक वाचक, यावल