बाबांचा उजवा डोळा आणि तुला एक निरोप

रविवार, रात्रीचे आठ

प्रिय मित्रा,

मागच्या आठवड्यात फोनवर तू विचारलंस, "काकांचा डोळा कसा आहे?" आणि मी "मस्त रे" म्हणून मोकळा झालो. दारात कुणीतरी आलं होतं, पोरगी हाका मारत होती, नेहमीचंच. फोन ठेवल्यावर बाबांनी विचारलं, "माझा निरोप सांगितलास का त्याला?" मी जीभ चावली. तेव्हापासून रोज विचारतायत. निरोप एका ओळीचा आहे, पण नुसता सांगितला तर तू म्हणशील म्हातारा चळला की काय. म्हणून मागचं सगळं लिहितो.

शाळेत "मित्रास पत्र लिहा" हा प्रश्न आला की मी हमखास सहलीचं वर्णन ठोकून द्यायचो, कधीही न गेलेल्या सहलीचं. तू माझ्याच पेपरातून ती सहल उचलायचास, हेही लक्षात आहे. आज सहल-बिहल काही नाही. एक डोळा आहे, एक खडूचा डबा आहे आणि खिडकीतून येणारं ऊन.

मोतीबिंदूचं ऑपरेशन सप्टेंबरच्या मध्यात झालं, उजव्या डोळ्याचं. फार काही वाटलं नाही, अर्ध्या तासात बाहेर. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि बाबा घरी आले. खुर्चीत बसले, सगळ्या खोलीवरून एक नजर फिरवली आणि म्हणाले, "ही जळमटं कधीपासून आहेत?"

मला हसू आलं. बायकोला आलं नाही.

मग पंख्याच्या पात्यांवरची धूळ झाली. स्विचबोर्डाभोवतीचे बोटांचे डाग झाले. "हा पडदा पांढरा होता ना?" झालं. पडदा पांढरा कधीच नव्हता, तो पहिल्यापासून मळकट रंगाचाच घेतला होता, मळ दिसू नये म्हणून. पण हे आता कोण कुणाला समजावणार? बाबा टीका करत नव्हते रे. पाच-सहा वर्षांत न दिसलेलं एकदम दिसायला लागल्यावर माणूस बोलून जातो, एवढंच. बायकोच्या कानांना मात्र ती टीकाच लागली, आणि त्यात तिचीही चूक नाही. नोकरी करून घर ओढणाऱ्या बाईला कुणी कोपरे दाखवू नयेत. ती काही बोलली नाही. तिचं न बोलणं कसं असतं, तुला माहीत आहे.

या सगळ्यात खरी मजा रंगांची. मोतीबिंदूनं डोळ्यातलं भिंग नुसतं धूसर होत नाही, पिवळटही होत जातं, आणि ते इतकं हळूहळू होतं की माणसाला पत्ता लागत नाही. निळा रंग त्यात अडकून बसतो. बाबा तिसऱ्या दिवशी खिडकीपाशी उभे राहिले आणि बराच वेळ हललेच नाहीत. मी म्हटलं, काय झालं? म्हणाले, "एवढं निळं?"

आता यात गोम अशी की आकाश खरोखरच निळं झालं होतं. सप्टेंबर संपत आलेला, ढग गेलेले, हवा धुतल्यासारखी. त्यामुळे घरात दोन पक्ष पडले: हा निळा शरदाचा की ऑपरेशनमध्ये डोळ्यात बसवलेल्या नव्या भिंगाचा? बायको म्हणाली भिंगाचा. मी म्हटलं ऋतूचा. निकाल बाबांनीच लावला. उजवा डोळा झाकला, डाव्यानं, म्हणजे ऑपरेशन न झालेल्या डोळ्यानं, बघितलं. मग उलट केलं. म्हणाले, "दोघांचाही. पण डाव्याला अजून खबर लागलेली नाही."

तेव्हापासून हा खेळच झाला. पोरगी शाळेतून येताना काहीतरी घेऊन येते आणि आजोबांपुढे धरते. पेन्सिल, रुमाल, वहीचं कोरं पान. आजोबा एकेक डोळा झाकून निकाल देतात. कोरं पान उजव्याला पांढरं, डाव्याला जुन्या दस्तऐवजासारखं. सगळ्यात जास्त येतात ती पानं, झाडाची. शरद म्हटलं की आपल्या डोक्यात निरभ्र आकाश आणि चांदणं; पानगळ आपण शिशिराच्या खात्यावर टाकलेली. आमच्या खिडकीसमोरच्या झाडाला ही वाटणी कुणी सांगितलेली नसावी, ते ऑक्टोबर लागला की पिवळं पडायला लागतं. एक दिवस तिनं अर्धं हिरवं, अर्धं पिवळं पान आणलं आणि विचारलं, हा पिवळा रंग कुठून आला? बाबांनी आयुष्यभर भूगोल शिकवला, पण वर्गात कुणी रजेवर असलं की विज्ञानही घ्यायचे. "आला नाही," म्हणाले, "तो उन्हाळाभर तिथंच होता. वरून हिरवा होता म्हणून दिसत नव्हता. दिवस लहान झाले की झाड हिरवं द्रव्य मोडून आत ओढून घेतं, मग खालचा पिवळा उघडा पडतो. लाल मात्र झाड नव्यानं तयार करतं." पोरीनं विचारलं, मग तुमच्या डोळ्यात उलटं झालं होतं का, पिवळा वर आणि बाकीचे खाली? बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "ही तुझ्यापेक्षा हुशार निघाली." तुझ्यापेक्षाही, असं मी मनात म्हटलं.

आता खडूचा डबा. ऑपरेशननंतर काही दिवस वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. वाचायचं तर चष्म्याचा नवा नंबर मिळेपर्यंत कठीणच. बसून करायचं काय? आमच्या बैठकीच्या खोलीची खिडकी दक्षिणेकडे आहे. २३ सप्टेंबरला, दिवस-रात्र समान असतात त्या सुमाराला, बाबांनी पोरीला हाताशी धरलं. (समान म्हणालो तर लगेच दुरुस्ती: दिवस काही मिनिटांनी मोठाच असतो, कारण हवेमुळे सूर्य उगवायच्या आधीच दिसायला लागतो. घरात मास्तर असला की असं होतं.) तर, सूर्य माथ्यावर असताना खिडकीतून येणारं ऊन फरशीवर जिथं संपतं, तिथं रोज खडूची एक रेष मारायची. आजोबा खुर्चीत बसून सांगणार, नात जमिनीवर पालथी पडून मारणार. शाळेच्या दिवशी ते काम आमच्यापैकी जो घरी असेल त्याच्यावर. ढग असले तर रेष नाही.

सूर्य रोज थोडा दक्षिणेकडे सरकतो, खाली उतरतो, तसं ऊन आत शिरतं. हे मला माहीत होतं, तुलाही माहीत आहे. पण रोज बोट-दोन बोटं, इतक्या सरळ दिसेल असं, हे मी चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे हे वाक्य मी परीक्षेत कितीदा लिहिलं असेल! ते वाक्य आमच्या सोफ्याच्या पायापर्यंत येऊन पोचलं होतं.

आणि मी ते पुसलं.

झालं असं की जळमटांचा विषय बायकोच्या मनातून गेलेला नव्हता. मला तो मिटवायचा होता. तीन आठवड्यांनी, ती बाहेर गेलेली, पोरगी मैत्रिणीकडे, बाबा दुपारचे झोपलेले, असा मोका साधून मी कामाला लागलो. जळमटं काढली, पंखा पुसला, पात्यावरची धूळ माझ्याच डोक्यावर घेतली, स्विचबोर्ड घासला आणि शेवटी साबणाच्या पाण्यानं फरशी. दोनदा. इतकी चकाचक की स्वतःचाच अभिमान वाटला. बादली रिकामी करताना पाणी दुधट का दिसतंय हा विचार आला, आणि मग कळलं. अठरा रेषा होत्या.

पोरगी आली. दारात उभी राहिली, फरशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. नऊ वर्षांची आहे, पण ते दार आईसारखं लावते, आवाज न करता. बायको आली. तिनं स्वच्छ कोपरे बघितले, रिकामी फरशी बघितली आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी साबणाची बाटली पाठीमागे लपवली.

बाबा उठले. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "पुसल्या तर पुसल्या. ऊन परत त्याच वाटेनं यायचंय." मग दाराबाहेरूनच नातीचा तास घेतला. डिसेंबरच्या २१-२२ तारखेपर्यंत ऊन आत येत राहील, मग मागे फिरेल, आणि आजच्या रेषेवर साधारण फेब्रुवारी संपता संपता पोचेल. तिथून मार्चच्या विषुवदिनापर्यंत, म्हणजे दिवस-रात्र पुन्हा समान होईपर्यंत, एकेक करून सगळ्या रेषा परत मिळतील. "फक्त घड्याळाशी जुळणार नाही. आत्ता सूर्य घड्याळाच्या पुढं असतो, फेब्रुवारीत मागं पडतो." दाराआडून प्रश्न आला, "मग घड्याळ चुकतं का?" बाबा म्हणाले, "घड्याळ सरासरी सांगतं." दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी नव्हतो. आलो तेव्हा फरशीवर एक रेष होती, खडूची नव्हे, चिकटपट्टीची. अगदी सरळ कापलेली, टोकाला बॉलपेननं तारीख. अक्षर बायकोचं. मी काही बोललो नाही, तीही बोलली नाही. संध्याकाळी चहा देताना ती बाबांना म्हणाली, "उद्या ढग नसले तर बरं."

दिवसातून चार वेळा डोळ्यात औषध घालायचं असतं, ते काम माझ्याकडे आहे. बाबा मान मागे टाकतात, मी खालची पापणी बोटानं ओढतो, थेंब सोडतो. पहिल्या दिवशी माझाच हात थरथरत होता. इतक्या जवळून मी त्यांच्या डोळ्यात कधी बघितलंच नव्हतं. बुबुळाच्या कडेनं एक राखाडी कडं आहे. बाहुलीत दिवा एका विशिष्ट कोनातून पडला की चिमुकली चमक उठते, ती नव्या भिंगाची. थेंब पडायच्या आत ते डोळे मिटतात आणि औषध गालावरून ओघळतं. मग मी रागावतो. लहानपणी माझ्या डोळ्यात कचरा गेला की रुमालाच्या टोकाला पीळ घालून ते काढायचे आणि मी हलल्यावर असेच रागवायचे. परवा मी असा वाकलेलो असताना ते म्हणाले, "कानशिलाशी पांढरे झालेत तुझे." मी म्हटलं, डोळे मिटू नका. म्हणाले, "कधी झाले?" मला उत्तर देता आलं नाही. बाटलीचं झाकण लावायला उगाच वेळ घेतला.

आता वाद डाव्या डोळ्याचा. तो करायचा आहे, पण बाबा टाळतायत. कारण ऐक. पोरीनं चित्रांच्या पुस्तकातून क्लोद मोने या चित्रकाराची गोष्ट वाचून दाखवली. त्यांनाही मोतीबिंदू होता, त्यांचंही १९२३ मध्ये उजव्याच डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि डावा त्यांनी शेवटपर्यंत करून घेतला नाही. बाबांना वकीलच मिळाला. "मोनेनं केला का? मग!" बायकोनं शोधून उत्तर तयार ठेवलं होतं: मोनेच्या वेळी आत भिंग बसवतच नव्हते, नुसतं काढून जाड चष्मा द्यायचे. डोळ्यात कृत्रिम भिंग पहिल्यांदा बसवलं ते हॅरॉल्ड रिडली यांनी, लंडनमध्ये, १९४९ साली. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यात घुसलेले विमानाच्या काचेचे प्लॅस्टिकचे तुकडे डोळा मुकाट सहन करतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाले, "बरोबर आहे. पण दोन्ही डोळे झाले की मग मी तुलना कशाशी करू?" यावर काय बोलणार? शेवटी तडजोड ठरली: समोरचं झाड पूर्ण झडेपर्यंत डावा डोळा तसाच. मग तारीख घ्यायची. झाड अजून अर्धं भरलेलं आहे. पोरगी रोज सकाळी मोजायला जाते आणि मध्येच सोडून देते.

आता निरोप. संध्याकाळी गारवा पडायला लागला म्हणून परवा कपाटातून गरम कपडे काढले. त्यात तू बाबांना दिलेला स्वेटर निघाला. आठवतं ना, दरवर्षी तो अंगात घालताना ते काय म्हणायचे? "पोरानं मायेनं दिलाय, पण काळा कशाला दिला? काळा रंग मी वापरत नाही." आणि तू एकदा म्हणालास, काका, काळा नाही तो, तर तुला म्हणाले, मला रंग शिकवू नकोस. परवा त्यांनी तो हातात घेतला, खिडकीपाशी गेले, डावा डोळा झाकला. मग तसेच आत आले आणि म्हणाले, "त्याला कळव. स्वेटर निळा आहे."

एवढंच. माफीबिफी काही नाही, मास्तर आहेत ते. पण परवापासून अंगातून काढलेला नाही, दुपारी उन्हातसुद्धा.

नऊ वाजत आले. आतून हाक येतेय, थेंबांची वेळ झाली.

तुझा,
मी

ता. क. कोपरा आणि बाही उसवली होती, ती बायकोनं शिवली. दोरा काळा वापरलाय. बाबांना अजून दिसलेलं नाही.